मेलेल्या माकडाची बातमी आरोग्य केंद्रात किती दिवसांनी पोचते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हाला पाहता येईल. तुम्ही गोव्यात आरोग्याच्या बाजूला साथरोग सर्वेक्षणात नव्यानं रुजू झाला आहात. माणसांचे आजार, जनावरांचे आजार आणि अन्नाच्या तपासण्या हे सगळं एकाच पडद्यावर दिसेल असं काहीतरी उभं करायचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही जनावरांच्या आणि अन्न सुरक्षेच्या अशा दोन्ही खात्यांना पत्रं लिहिलीत, पण उत्तर येत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि माहिती न देणाऱ्यांकडून ती कशी मिळवावी.

मी पशुवैद्यक. 22 वर्षं दवाखान्यात आणि गोठ्यांत काम केलं, त्यातली शेवटची काही वर्षं आरोग्याच्या आणि अन्न सुरक्षेच्या लोकांबरोबर बसून. सॉफ्टवेअरबद्दल शेवटी सांगते, कारण तो भाग सगळ्यात सोपा आहे. तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. कोणती बातमी आल्यावर कोण उठून काय करणार, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. ते ठरलेलं नसलं की मागितलेली माहिती कुणी देत नाही, आणि दिलीच तर ती कुणी उघडून पाहत नाही.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचं उदाहरण घेते, कारण तिथेच मी हे शिकले. माकडतापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. गोव्यात तो 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माणसांमध्ये दिसला आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. वानर किंवा माकड या तापानं मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेलं शरीर सोडून आसपासच्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यापाचोळ्यात, पसरतात. नेमका तेव्हाच, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, काजूचा हंगाम असतो. माणसं पहाटेपासून बागायतीत जातात, पातेरा बाजूला सारून पडलेले बोंडू गोळा करतात, तिथेच खाली बसून बिया वेगळ्या करतात. गोचिडीची पिल्लं इतकी बारीक असतात की चावलेलं कळतही नाही. चावल्यापासून ताप यायला साधारण 3 ते 8 दिवस लागतात.

म्हणजे माकड मेल्यापासून पहिला रुग्ण येईपर्यंत आपल्या हातात जेमतेम आठवडा असतो. त्या आठवड्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. मेलेल्या माकडाच्या भोवतीच्या परिसरात गोचीडनाशक भुकटी टाकता येते. त्या वाड्यावरच्या लोकांना गोचीड दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल देता येतं, काही दिवस त्या भागात जाऊ नका असं सांगता येतं. तापाचा रुग्ण आला की पहिल्या काही दिवसांतच रक्त घेऊन पीसीआरला पाठवता येतं. उशीर झाला की ती चाचणी हुकते आणि अँटिबॉडीच्या तपासणीवर विसंबावं लागतं. हे सगळं करायला आरोग्य केंद्राला चारच गोष्टी कळाव्या लागतात: कुठे मेलं, कधी दिसलं, किती दिवसांचं असावं, नमुना घेतला का. याला पोर्टल लागत नाही.

एका हंगामात अशी बातमी आरोग्य केंद्रात अकराव्या दिवशी पोचली. बागायतीतल्या मजुरानं मेलेलं वानर पाहिलं, भाटकाराला, म्हणजे बागेच्या मालकाला, सांगितलं, नमुना घेतला गेला, तो प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला, मग पत्र निघालं, सहीसाठी थांबलं, पुन्हा निघालं. कुणी काही लपवलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपलं काम नेमानं केलं होतं. मला स्वतःला दुसऱ्याच दिवशी माहीत होतं. मीही थांबले, कारण खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या खात्याला कळवायचं नाही अशी आमची शिकवण होती. पत्र पोचलं तोवर त्या वाड्यावरची दोन माणसं तापानं फणफणून दवाखान्यात दाखल झाली होती. दोघंही बरी झाली. पण त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला ठाऊक होतं तर आम्हाला बागेत जाऊ नका असं कुणी सांगितलं नाही ते?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी माझ्या कामाची पद्धत बदलली.

बदललं ते इतकंच: पक्की बातमी आणि कच्ची बातमी यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली. प्रत्येक निरोपाला तीनपैकी एक शब्द लावायचा: "शंका", "नमुना पाठवला" किंवा "पक्कं". शंकेचा निरोप त्याच दिवशी फोनवर जातो, आणि जातो तो फक्त ज्याला त्यावर काहीतरी करायचं आहे त्याच्याकडे. मागाहून ती शंका खोटी ठरली तर ठरली, तेही तितक्याच तातडीनं कळवायचं. सुरुवातीला वरिष्ठांना याची भीती वाटली, आणि ती अनाठायी नव्हती. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या अन्नातून पोटात जाणाऱ्या जंतूची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं गेली. घाईघाईत स्पेनच्या काकड्यांकडे जाहीरपणे बोट दाखवलं गेलं आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. खरं कारण निघालं मोड आलेली मेथी. म्हणून कच्ची बातमी सहकाऱ्याला सांगणं आणि वर्तमानपत्राला सांगणं यांत मी कधीच गल्लत करत नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला शंका सांगितली तर तो रक्ताचा एक नमुना जास्त घेईल, एवढंच. तीच शंका गावभर झाली तर एखाद्याचं दूध विकलं जाणार नाही.

उलट्या चुकीचं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. तिथे 2005 पासून शेळ्यांच्या मोठमोठ्या गोठ्यांत शेळ्या एकामागून एक गाभडत होत्या, म्हणजे त्यांचे गर्भपात होत होते. कारण होतं क्यू ताप, जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूचा आजार. 2007 ते 2010 या काळात तिथे 4000 हून जास्त माणसांना तो झाल्याची नोंद आहे. पण नेमक्या कोणत्या गोठ्यांत लागण आहे हे सुरुवातीला आरोग्याच्या लोकांना मिळत नव्हतं, शेतकऱ्याची खासगी माहिती म्हणून ते अडलं होतं. जंतू वाऱ्यावरून कित्येक किलोमीटर जात होते आणि गावातल्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं की निमोनियाचे रुग्ण वाढताहेत ते कशानं. शेवटी 50 हजारांवर शेळ्या माराव्या लागल्या. शेतकऱ्याची अब्रू राखायला म्हणून जे झाकलं, त्यानं शेतकऱ्याचंच सर्वात जास्त नुकसान केलं.

आता तुमच्या पत्रांना उत्तर का येत नाही ते. तुमच्या पत्राचा मसुदा मी पाहिलेला नाही, पण अशी पत्रं मला दर वर्षी येत. त्यांत लिहिलेलं असे, "आपल्याकडील सर्व रोगांची माहिती सोबतच्या तक्त्यात दर आठवड्याला पाठवावी." आमच्या दवाखान्यात त्या वेळी एक पशुवैद्यक, एक परिचर आणि लसीकरणाचं उद्दिष्ट डोक्यावर. तो तक्ता भरून आम्हाला काय मिळणार, हे त्या पत्रात कधीच नसे. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, मागायला जाल तेव्हा हातात काहीतरी घेऊन जा. पशुवैद्यकाला सांगा, "तुमच्या भागात गेल्या तीन महिन्यांत कारण न सापडलेले लांबलेल्या तापाचे इतके रुग्ण आहेत. तुमच्याकडे गायी गाभडताहेत का?" हा प्रश्न ऐकून कुठलाही पशुवैद्यक खुर्ची पुढे ओढतो. त्याची स्वतःचीच भीती त्यात असते, कारण गाभडलेल्या गायीची अडकलेली वार त्यानं हातानं काढलेली असते, आणि गाभडवणारे जंतू तिच्यातूनच माणसाला लागू शकतात.

गोव्यात ही देवाणघेवाण नीट झाल्याचं ठळक उदाहरण रेबीजचं आहे. 2014 पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांचं लसीकरण हाती घेतलं, 70 टक्के कुत्र्यांपर्यंत पोचायचं हे लक्ष्य ठेवून. लस टोचणारी माणसं प्रत्येक नोंद जागेसकट मोबाइलवर करत. 2021 मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रणात आणणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून जाहीर झालं. त्याचं श्रेय आधी लसीला, याबद्दल वाद नाही. पण माझ्यासारखीला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे माहिती दोन्हीकडून वाहते. कुत्रा चावलेला माणूस आरोग्य केंद्रात आला की जनावरांच्या बाजूला कळतं, कुत्र्याचा शोध सुरू होतो, सापडला तर त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवता येते. आणि मेलेल्या कुत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत पक्का ठरला की तो कुणाकुणाला चावला होता त्या माणसांना शोधून लस देता येते. दोघांनाही रोजच्या कामात त्याचा उपयोग होतो, म्हणून आठवण करून द्यावी लागत नाही. तुमच्या व्यवस्थेची परीक्षा याच कसोटीवर घ्या.

अन्नाची बाजू सर्वात अवघड, आणि ती लोकांना नीट कळत नाही, म्हणून तिथे थोडी रेंगाळते. अन्न सुरक्षा अधिकारी माहिती दडवतात असा ग्रह तुमचा झाला असेल तर तो सोडा. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली त्यांनी घेतलेला नमुना हा पुरावा असतो. त्याचे चार भाग होतात, विश्लेषकाचा अहवाल 14 दिवसांत यायचा असतो, विक्रेत्याला अपील करता येतं. प्रकरण न्यायनिवाड्याला जाणार असताना अर्धवट निकाल बाहेर गेला तर पुढे खटलाच ढिला पडतो. त्यामुळे तुम्ही "निकाल द्या" म्हणता तेव्हा ते नाही म्हणतात, आणि ते बरोबर असतात. पण खटल्यासाठी नसलेले, केवळ पाहणीसाठी घेतलेले नमुनेही त्यांच्याकडे असतात. त्यांचे निकाल मागा. आणि निकालाआधीचीही एक गोष्ट मागता येते: "या आठवड्यात कुठे, कशाचे नमुने घेतलेत?" एवढं कळलं तरी जुलाबाच्या रुग्णांची यादी घेऊन बसलेल्या डॉक्टरला दिशा मिळते. याची दुसरी बाजू अशी की अन्नातून विषबाधा झाल्याचं डॉक्टरांकडून कळवून घेण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 35 मध्ये आहे. लग्नाच्या जेवणानंतर वीस माणसं सलाइनवर असतात, आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कळतं तेव्हा भांडी घासून ठेवलेली असतात. उरलेलं अन्न फेकू नका असं सांगणारा पहिला फोन तुमच्या आरोग्य केंद्रातूनच जायला हवा.

तिन्हीकडचे आकडे एका तक्त्यात ठेवले की ते सारखे दिसतात, पण ते सारखे नसतात. आरोग्याचा आकडा म्हणजे दवाखान्यात आलेली माणसं. जो खासगी डॉक्टरकडे गेला किंवा घरीच काढा पिऊन बसला तो त्यात बहुधा नाही. जनावरांच्या आकड्यात कधी जनावरं मोजलेली असतात, कधी उद्रेक, आणि एका उद्रेकात एक गाय असू शकते किंवा चाळीस. अन्नाच्या आकड्यात अधिकारी जिथे गेला तिथलंच चित्र असतं. सणासुदीच्या आधी मिठाईचे नमुने जास्त घेतले की मिठाई जास्त खराब दिसणारच. 2018 च्या जुलैत मासळी टिकवायला घातलेल्या फॉर्मेलिन या रसायनाच्या संशयावरून गोव्यात केवढं वादळ उठलं ते आठवा. मासळीत थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं, त्यामुळे "सापडलं" या एका शब्दानं काहीच ठरत नाही. कोणत्या चाचणीनं, किती, कोणत्या मासळीत, हे सोबत नसेल तर तो निकाल पुढे पाठवूच नये.

तसंच ब्रुसेलोसिसचं, म्हणजे गायींना गाभडवणाऱ्या आणि माणसाला लांबलेला ताप आणणाऱ्या आजाराचं. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात एस-19 लस देतात, आणि त्या लसीमुळेही रक्ताची तपासणी काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. लसीची नोंद न जोडता "अमुक दूध सोसायटीत पॉझिटिव्ह गायी" असा निरोप गेला तर त्या सोसायटीचं दूध बंद पडेल आणि पुढच्या वेळी एकही गवळी रक्त काढू देणार नाही. कानातल्या 12 आकडी बिल्ल्यावरून लसीची नोंद काढता येते, पण ती काढून वाचायला पशुवैद्यकच हवा. म्हणून मी म्हणते की कच्चे आकडे एकमेकांच्या पदरात टाकण्यापेक्षा ज्याचे आकडे त्यानं दोन ओळींत अर्थ लिहून द्यावेत.

गोपनीयतेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण गोव्यात तो मुद्दा टळत नाही. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची वस्ती साडेचौदा लाख होती, आणि आज पंचायती 191 आहेत. एखाद्या वाड्यावर सहा घरं असतात. "52 वर्षांची स्त्री, दोन म्हशी, अमुक वाडा" एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही, पाव विकणाऱ्या पोदेरापासून पंचापर्यंत सगळ्यांना कळतं. आम्ही असं ठरवलं होतं: नेहमीच्या साप्ताहिक कागदावर पंचायतीच्या खाली जायचं नाही, वय-लिंग नाही. नेमकी जागा फक्त त्यालाच, जो प्रत्यक्ष तिथे जाणार आहे, आणि तीही फोनवर. व्हॉट्सॲपच्या गटावर रुग्णाचं नाव किंवा गोठ्याचा फोटो टाकायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. गटात कोण कोण आहे हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचं ठाम उत्तर मी देणार नाही. तुमचा तालुका सत्तरी, सांगे, काणकोण असेल तर वन खात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून बैठकीत हवा. मुरगाव किंवा तिसवाडी असेल तर मासळी, हॉटेलं आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आधी. तुम्हाला सही करायचा अधिकार किती आहे यावरही बरंच ठरतं. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची एखादी चालू समिती शोधा आणि तिच्या इतिवृत्तात एक ओळ घालून घ्या, की तालुक्यातले अधिकारी शंकेचा निरोप एकमेकांना थेट देऊ शकतात. कायदे आहेत. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दल 2009 चा आहे, अन्नाचा 2006 चा आहे. पण ते माहिती मुख्यतः आपापल्या खात्यात वर नेतात, शेजारच्या टेबलाकडे नेत नाहीत. ती आडवी वाट तुम्हालाच पाडावी लागेल, आणि त्यासाठी ही एक ओळ पुरते.

सीमेचंही तसंच. दोडामार्ग आणि सावंतवाडीचे रुग्ण बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात येतात, आपल्याकडची कोंबडी आणि बरंचसं दूध घाटावरून येतं. सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या तुमच्या जोडीदाराचा नंबर आजच घेऊन ठेवा. साथ आल्यावर नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

आता सॉफ्टवेअर. माझं मत असं की नवं काही घेऊ नका. आरोग्याकडे 2021 पासून देशभर आयएचआयपी हे रोगांच्या नोंदीचं पोर्टल आहे, जनावरांकडे भारत पशुधन हे त्यांचं पोर्टल आहे, अन्नाकडे त्यांचं स्वतःचं आहे. चौथं आणलंत तर तीच माणसं तीच माहिती पुन्हा एकदा भरतील, म्हणजे भरणार नाहीत. तुम्हाला हवी आहे ती जोडणारी कडी, आणि ती कडी म्हणजे गाव. गावांच्या नावांचा आपल्याकडे फार घोळ आहे. एका नोंदीत डिचोली, दुसरीत बिचोलिम, केपेचं क्वेपेम, त्यात आरोग्य केंद्राची हद्द एक आणि पशुवैद्यक दवाखान्याची वेगळी. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला एक क्रमांक आहे. तिन्ही खात्यांनी आपल्या नोंदीत तो क्रमांक आणि आजार सुरू झाल्याची तारीख, नुसती नोंदवल्याची तारीख नव्हे, एवढं लिहिलं तर साध्या एक्सेलवरही जे हवं ते दिसतं. आणि ज्या आठवड्यात काही घडलं नाही त्या आठवड्यात शून्य लिहायला सांगा. रिकामी जागा आणि शून्य यांत फार फरक आहे. रिकाम्या जागेत कुणी पाहिलंच नाही हेही असू शकतं.

थोडक्यात तुमच्या कामाचा क्रम मी असा लावेन. तालुक्यातले तीनच आजार निवडा, उदाहरणार्थ माकडताप, रेबीज आणि जेवणातून झालेली विषबाधा. प्रत्येकासाठी एक कागद: कोणती बातमी, कुणी, कुणाला, किती तासांत, आणि ती मिळाल्यावर तो काय करणार. मग पत्र न लिहिता स्वतः जा. पशुवैद्यक सकाळी दवाखान्यात सापडतात, दुपारी गोठ्यांवर असतात, म्हणून नऊच्या आधी जा आणि त्यांच्याबरोबर एखादा गोठा पाहून या.

आणि जानेवारीत, काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत, एक चाचणी घ्या. अधिकाऱ्यांना आधी कल्पना द्या की या पंधरवड्यात कधीतरी होईल, दिवस सांगू नका. एखाद्या वनरक्षकाला किंवा बागायतदाराला सांगा की मेलेलं वानर दिसलं असं समजून नेहमीच्या वाटेनं कळवा, मात्र "चाचणी" हा शब्द आधी उच्चारा. तुम्ही आरोग्य केंद्रात जाऊन बसा. फोन किती तासांनी वाजला, तो कुणाकुणाच्या हातून आला आणि कुठे थांबला, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तो कागद मला पाठवलात तर पुढच्या बैठकीत काय मागायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.